घरी शिकणाऱ्या मुलांसोबत विज्ञानाचे प्रयोग: सुरुवात कशी करावी

मुलांना घरीच शिकवायचं ठरवलं की भाषा आणि गणिताची वाट बहुतेक आईबाबांना सापडते. घोडं अडतं ते विज्ञानापाशी. आपल्याकडे प्रयोगशाळा कुठे आहे, आणि मुलाने आडवातिडवा प्रश्न विचारला तर मला कुठे उत्तर येतंय, या दोन धास्ती असतात. मग एखादा प्रयोगसंच मागवला जातो. बाटल्या सांगितलेल्या क्रमाने एकमेकींत ओतल्या जातात, फेस येतो, टाळ्या पडतात आणि पंधरवड्यात संच माळ्यावर जातो.

संच वाईट असतात असं नाही. पण त्यात मुलाच्या वाट्याला फक्त पाहणं येतं. प्रयोग व्हायला तीन गोष्टी लागतात: मुलाने आधी अंदाज सांगायचा, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काहीतरी मोजायचं. एवढं पाळलंत तर दोरा आणि लोखंडी नट यांवर महिनाभराचं भौतिकशास्त्र होतं. तुम्हाला उत्तर येत नसेल तर उलट बरंच, कारण मग ते फोडायचा मोह होत नाही.

खालचं सगळं साधारण सात ते चौदा वर्षांच्या मुलांना धरून लिहिलं आहे. त्याहून लहान मुलांना पाणी ओतू द्या, चुंबक घेऊन घरभर फिरू द्या. मोजमापाची घाई नको.

सामान आणि वही

फुटपट्टी, मोजपट्टी, मोबाइलमधलं स्टॉपवॉच, दोरा, एकसारखे नट किंवा वॉशर, चिकटपट्टी, काचेच्या बरण्या, एक बरं भिंग, दोन चुंबक, थर्मामीटर आणि स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा. थर्मामीटर पाऱ्याचा नको. फुटला तर पाऱ्याची वाफ घातक असते. संरक्षक चष्मा प्रत्येकाला एक, तुम्हालाही, कारण तुम्ही घातला नाही तर मूल घालणार नाही. सूक्ष्मदर्शकाची घाई करू नका. भिंगाने काय काय दिसतं हे पाहून झालेलं मूल सूक्ष्मदर्शक आल्यावर त्याचा खरा उपयोग करतं.

वही मात्र पहिल्या दिवसापासून हवी, आणि प्रत्येक मुलाची वेगळी. प्रत्येक प्रयोगाला एक पान किंवा दोन. वर तारीख आणि प्रश्न, त्याखाली अंदाज, मग काय केलं आणि काय दिसलं (आकडे आणि चित्र), शेवटी 'आता मला काय वाटतं'. अंदाज पेनाने लिहायचा आणि नंतर खोडायचा नाही. चुकलेला अंदाज वहीत तसाच राहिला पाहिजे, त्यावर लाल शाई नको. ज्या मुलाला अजून लिहायचा कंटाळा येतो, त्याचं बोलणं तुम्ही उतरवून घ्या, पण त्याच्याच शब्दांत. "दोरा दमला म्हणून थांबला" असं तो म्हणाला तर तेच लिहा. चार महिन्यांनी तो स्वतःच ते पान वाचून हसेल आणि दुरुस्त करेल.

पहिला प्रयोग: लंबक

सुरुवात लंबकापासून करावी असं माझं ठाम मत आहे. काही सांडत नाही, काही पेटत नाही आणि आकडे इतके स्वच्छ येतात की मुलाचा मोजण्यावर विश्वास बसतो.

टेबलाच्या कडेबाहेर येईल अशी एक पेन्सिल घट्ट चिकटवा. तिला दोरा बांधून खाली एक वॉशर अडकवा. दोरा जिथे टांगला आहे तिथपासून वॉशरच्या मध्यापर्यंत बरोबर २५ सेंटिमीटर लांबी ठेवा. आता मुलाला विचारा: झोक्याला लागणारा वेळ कशाने बदलेल? वजन वाढवल्याने, जास्त लांब ओढून सोडल्याने, की दोरा लांब केल्याने? बहुतेक मुलं वजनावर बोट ठेवतात. वहीत लिहून घ्या आणि चेहरा कोरा ठेवा.

एक पूर्ण झोका म्हणजे जाऊन परत सोडल्या जागी येणं. वेळ एका झोक्याचा घ्यायचा नाही, दहा झोक्यांचा घ्यायचा. बटण दाबायला बोटाला सुमारे ०.२ सेकंद उशीर होतोच. दहा झोक्यांत तो वाटला गेला की प्रत्येकाच्या वाट्याला फार थोडी चूक येते. हे कारण मुलाला सांगण्याआधी त्याला एकाच झोक्याचा वेळ पाच वेळा घेऊ द्या. आकडे भलतीकडेच पळतात, तेव्हा "मग काय करूया?" हा प्रश्न विचारायला जागा होते.

मोजताना मुलं हमखास एक चूक करतात: सोडता क्षणी "एक" म्हणतात. मग दहा म्हणेपर्यंत झोके नऊच झालेले असतात. सोडताना "शून्य" म्हणायचं.

२५ सेंटिमीटरच्या लंबकाला दहा झोक्यांना जवळजवळ १० सेकंद लागतात. आता आणखी दोन वॉशर अडकवा. इथे जरा लक्ष द्या. वॉशर एकाखाली एक लटकवले तर वजनाचा मध्य खाली सरकतो, म्हणजे नकळत लंबकाची लांबीही वाढते आणि वेळ थोडा वाढतो. मूल म्हणेल, "बघ, वजनाने फरक पडला!" वॉशर एकाच गाठीत, शेजारी शेजारी बांधले की वेळ पुन्हा १० सेकंदांवर येतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची म्हणजे काय, हे यापेक्षा चांगलं शिकवणारा प्रसंग मला माहीत नाही, म्हणून पहिल्यांदा वॉशर चुकीचे टांगले गेले तर लगेच टोकू नका.

मग दोरा ५० सेंटिमीटर करा. लांबी दुप्पट, तर वेळही दुप्पट, असा अंदाज येतो. येतात मात्र सुमारे १४ सेकंद. वेळ दुप्पट, म्हणजे २० सेकंद व्हायला दोरा १०० सेंटिमीटर लागतो, म्हणजे चौपट. मधल्या चार-पाच लांब्या घेऊन आलेख काढला की रेष सरळ न येता वाकते. लहान मुलांसोबत एवढ्यावर थांबा. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला वेळेचा वर्ग करून लांबीसमोर मांडायला सांगा. रेष सरळ होते आणि वर्गमूळ पहिल्यांदाच गणिताच्या पुस्तकाबाहेर भेटतं.

राहिलं तिसरं: किती लांब ओढलं. गॅलिलिओने १६०२ साली एका पत्रात लिहिलं होतं की झोका मोठा असो वा लहान, लागणारा वेळ तोच. थोडंसंच ओढून पाहिलं तर ते बरोबर वाटतं. पण एक मीटरचा लंबक चांगला ६० अंशांपर्यंत ओढून सोडा, जड नट लावून. दहा झोक्यांना सेकंदभर तरी जास्त लागतो. गॅलिलिओचं म्हणणं लहान झोक्यांपुरतंच खरं आहे, हे दोरा आणि नट वापरून दहा वर्षांचं मूल दाखवू शकतं. त्यानंतर ते मूल कुठलंही छापील विधान जरा वेगळ्या नजरेने वाचायला लागतं.

प्रत्येक मोजणी तीनदा करा आणि तिन्ही आकडे लिहा. "बरोबर" वाटणारा एकच आकडा निवडून बाकीचे खोडायची सवय लागू देऊ नका. एखादा आकडा फारच वेगळा आला तर शेजारी कारण लिहायचं: दोरा घसरला, मांजर आलं, काहीही.

दुसरा: अंधारातल्या बिया

लंबक तासाभरात उत्तर देतो. आता असा प्रयोग हवा ज्यात वाट पाहावी लागते. कडधान्याचे दाणे रात्रभर भिजवा. दोन बशांत ओला कापूस पसरून प्रत्येकीत दहा दाणे ठेवा. एकच दाणा ठेवायचा नाही, कारण काही दाणे मुळातच उगवत नाहीत आणि मग सगळा प्रयोग त्या एका दाण्याच्या नशिबावर राहतो. एक बशी खिडकीपाशी, दुसरी बंद खोक्यात.

चाणाक्ष मूल इथे हरकत घेईल, आणि घेतली नाही तर तुम्ही विचारा: खोक्यात फक्त अंधारच आहे का? आत हवा कोंडते, ओल जास्त टिकते, ऊबही वेगळी असू शकते. म्हणून उजेडातली बशीसुद्धा तशाच खोक्यात ठेवायची. फक्त त्याचं झाकण कापून तिथे पारदर्शक प्लॅस्टिक चिकटवायचं. दोन्हीकडे पाणी तेवढंच, चमच्याने मोजून.

अंदाज विचारलात तर "अंधारातली रोपं खुरटतील" हे उत्तर जवळजवळ ठरलेलं. आठवडाभर रोज एकाच वेळी उंची मिलिमीटरमध्ये मोजा. अंधारातली रोपं उजेडातल्यांपेक्षा उंच झालेली दिसतात! मात्र ती बारीक, फिकट पिवळी आणि लुळी असतात. बीमध्ये साठवलेलं अन्न खर्चून रोप उजेड गाठायच्या धडपडीत नुसती उंची वाढवत असतं. उजेडाशिवाय हरितद्रव्य तयार होत नाही म्हणून हिरवेपणा नाही. "उंच म्हणजे निरोगी" ही समजूत इथे मोडते. मग काय मोजायला हवं होतं, खोडाची जाडी, पानांची संख्या, रंग, यावर बोला. दोन रोपं उजेडात आणून ठेवली तर किती वेळात हिरवी होतात, हेही मूल बहुधा आपणच विचारतं.

या विषयात मुलाला रस वाटला तर पुढची पायरी फार सुंदर आहे. चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी रोपं उजेडाकडे वाकतात ती कशी, यावर मिळून प्रयोग केले आणि १८८० मध्ये ते प्रसिद्ध केले. त्यांनी गवताच्या कोवळ्या कोंबांच्या टोकांवर टोप्या घातल्या. तुम्हीही करू शकता. गहू किंवा ओट अंधारात उगवू द्या. कोंब दोनेक सेंटिमीटरचे झाले, पण त्यातून पान अजून फुटलेलं नाही, अशा वेळी प्रयोग करायचा. टूथपिकवर ॲल्युमिनियमची फॉइल गुंडाळून इवल्याशा टोप्या तयार करा. पाच कोंबांना टोप्या, पाच कोंबांना टोक उघडं ठेवून खाली फॉइलचा पट्टा, आणि पाच तसेच मोकळे. सगळे एका खोक्यात ठेवून खोक्याला एकाच बाजूने भोक पाडा आणि एक दिवस जाऊ द्या. मोकळे आणि पट्टावाले उजेडाकडे झुकतात, टोपीवाले सरळ राहतात. वाकतो खालचा भाग, पण उजेड कळतो टोकाला. म्हणजे वरून खाली काहीतरी निरोप जातो, एवढं डार्विन पितापुत्रांनी ओळखलं. तो निरोप पोचवणारा पदार्थ, ऑक्झिन, पुढे १९२०च्या दशकात वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रिट्स वेंट यांनी वेगळा काढून दाखवला.

टोपी घालताना एकदोन कोंब मोडतात. जास्तीचे उगवून ठेवा.

तिसरा: घरबसल्या सूर्य मोजणे

आधी नियम: सूर्याकडे थेट पाहायचं नाही, आणि भिंगातून किंवा दुर्बिणीतून तर कधीच नाही. या प्रयोगात आपण भिंतीकडे पाहणार आहोत.

लहान आरशावर जाड कागद चिकटवा. कागदाला आधी साधारण ४ मिलिमीटरचं चौकोनी भोक पाडून ठेवा. आरसा खिडकीत उन्हात असा टेकवा की परावर्तित उजेड खोलीत आत, ५ मीटरवरच्या भिंतीवर पडेल. खोली शक्य तितकी अंधारी करा. कुणाच्या डोळ्यांत तो झोत जाणार नाही याची काळजी घ्या.

भोक चौकोनी असूनही भिंतीवरचा ठिपका गोल दिसतो. का, हे मुलाला थोडा वेळ छळू द्या. ती सूर्याची प्रतिमा आहे. तिचा व्यास मोजा. ५ सेंटिमीटरच्या आसपास येईल. कडा धूसर असते, म्हणून तीनदा मोजून सरासरी घ्या आणि त्यातून भोकाचे ४ मिलिमीटर वजा करा. उरतात ४.६ ते ४.७ सेंटिमीटर. ५०० सेंटिमीटर अंतराला एवढा व्यास, म्हणजे अंतर हे व्यासाच्या साधारण १०७ पट. हेच प्रमाण खऱ्या सूर्यालाही लागू आहे. सूर्य आपल्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटरवर आहे. त्याला १०७ ने भागा. उत्तर १४ लाख किलोमीटर. खरा व्यास सुमारे १३.९ लाख किलोमीटर आहे.

समरूप त्रिकोण शिकलेल्या मुलाला आकृती काढायला लावाच. न शिकलेल्याला भागाकार पुरे. भिंत जवळ असेल तर ३ मीटरवरही जमतं, फक्त भोक आणखी लहान हवं, नाहीतर प्रतिमेवर भोकाच्याच आकाराची छाप उमटते.

प्रचलित उत्तर तपासून पाहा: बशीतली मेणबत्ती

पाण्याच्या बशीत मेणबत्ती लावायची, वरून पेला पालथा घालायचा. मेणबत्ती विझते आणि पाणी पेल्यात चढतं. सोबत एक ठरलेलं स्पष्टीकरण येतं: ऑक्सिजन जळून गेला, त्याची जागा पाण्याने घेतली, हवेत ऑक्सिजन एक पंचमांश असतो म्हणून पाणीही तेवढंच चढतं. ऐकायला छान आहे आणि चूक आहे.

मुलाला चूक आहे असं सांगू नका. त्याच पेल्याखाली आधी एक, मग दोन, मग तीन मेणबत्त्या लावून पाणी किती चढतं ते मोजायला सांगा. मेणबत्त्या वाढल्या की पाणी जास्त चढतं. पेल्यातला ऑक्सिजन तर तेवढाच आहे! आता पुन्हा एकदा, नीट नजर ठेवून: पेला ठेवताना काठाखालून बुडबुडे बाहेर येतात का? पाणी झपाट्याने कधी चढतं, ज्योत जळत असताना की विझल्यावर? ज्योतीने हवा तापून फुगते, थोडी बाहेर निसटते. ज्योत विझली की उरलेली हवा थंड होऊन आकसते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. ऑक्सिजन खर्च होतो हे खरं, पण ज्योत विझते तेव्हाही तो सगळा संपलेला नसतो, आणि जळताना कार्बन डायऑक्साइड व वाफही तयार होत असते.

छापून आलेली चूक मुलाने स्वतः पकडली, हा अनुभव वर्षातून एकदा तरी मिळायला हवा. काडी मोठ्यांनीच ओढायची, केस बांधलेले, सैल बाह्या दुमडलेल्या.

थोडक्यात, आणखी चार

पट्टी पकडणे: तुम्ही ३० सेंटिमीटरची पट्टी उभी धरून न सांगता सोडा, मुलाने बोटांच्या चिमटीत पकडायची. २० सेंटिमीटर खाली आल्यावर पकडली तर सुमारे ०.२ सेकंद लागले. उजवा हात, डावा हात, सकाळ, रात्र, गप्पा मारताना, अशा तुलना मुलांना स्वतःच सुचतात.

विद्युतचुंबक: लोखंडी खिळ्यावर लेपवाली तांब्याची तार गुंडाळा, टोकं पॉलिश पेपरने घासा, एका १.५ व्होल्टच्या सेलला जोडा. वेढे २०, ४०, ६० करत किती टाचण्या उचलल्या जातात ते मोजा. तार तापते, काही सेकंदांपलीकडे जोडून ठेवू नका.

पाण्यावर तरंगणारी टाचणी: अलगद ठेवलेली टाचणी तरंगते आणि साबणाचा एक थेंब पडताच बुडते. पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या पातळ पडद्यासारखा वागतो, त्याला पृष्ठताण म्हणतात. पृष्ठताणाचा अभ्यास ॲग्नेस पॉकेल्स यांनी विद्यापीठात पाऊल न टाकता घरीच, स्वतः बनवलेल्या साधनांनी केला. १८९१ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांच्या शिफारशीने तो 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात छापला गेला. ही गोष्ट घरी शिकणाऱ्या मुलाला जरूर सांगा.

जांभळ्या कोबीचं पाणी: कोबी उकळून गाळा. ते आम्लात लाल-गुलाबी होतं, आम्लारीत हिरवट. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर यांचा तोच तो ज्वालामुखी करायचाच असेल तर या पाण्यात करा, आणि सोडा किती ग्रॅम घातला की रंग परत फिरतो ते वजनकाट्यावर मोजा.

जिथे तडजोड नाही

- भिंतीतल्या प्लगची वीज कुठल्याही प्रयोगात नको. सेल पुरेत.
- बटन सेल (नाण्यासारखे छोटे चपटे सेल) लहान भावंडांच्या हाती लागता कामा नयेत. गिळलेला सेल दोन तासांत अन्ननलिका जाळू शकतो. शंका आली तरी थेट दवाखाना गाठा.
- ब्लीच आणि साफसफाईची रसायनं एकमेकांत मिसळायची नाहीत. ब्लीचमध्ये आम्ल गेलं तर क्लोरीन वायू सुटतो.
- वायू तयार होणारं काहीही बंद बाटलीत ठेवायचं नाही.
- बुरशी वाढवायची तर पारदर्शक पिशवीत, आणि पिशवी न उघडता टाकून द्यायची.
- प्रयोगाची भांडी वेगळी. प्रयोगातलं काही चाखायचं नाही, खाद्यपदार्थ असला तरी.

आठवड्याचा मेळ

आठवड्यातून एक मोठी बैठक, दीड तासाची, आणि रोज पाच मिनिटं चालू असलेल्या मोजणीसाठी. याहून जास्त ठरवलंत तर दुसऱ्या महिन्यात सगळंच बारगळतं. घरात वेगवेगळ्या वयाची मुलं असतील तर प्रयोग एकच ठेवा, काम वाटून द्या: धाकटं "शून्य" म्हणून सोडेल, मधलं वेळ घेईल, थोरलं आलेख काढेल. मूल कंटाळलं तर मध्येच थांबायला हरकत नाही, फक्त बियांना पाणी कोण घालणार ते ठरवून थांबा.

वहीचं शेवटचं पान मुलाच्या प्रश्नांसाठी मोकळं ठेवा. दोनतीन महिन्यांत ते भरतं. त्यातला पुढचा प्रयोग निवडताना मुलासोबत तीन कसोट्या लावा: यात आपण काय बदलू शकतो, काय मोजू शकतो आणि आठवडा-दोन आठवड्यांत उत्तर मिळेल का? "गरम पाणी कुठल्या कपात जास्त वेळ गरम राहतं?" हा तिन्हींत बसतो, त्यात झाकण ठेवायचं की नाही, पाणी किती घ्यायचं, थर्मामीटर किती मिनिटांनी पाहायचा, हे सगळं मुलाने ठरवायचं आणि तुम्ही फक्त उकळतं पाणी ओतायचं. "कृष्णविवरात काय असतं?" हा बसत नाही, त्यासाठी ग्रंथालयात जायचं.